लाल धूळ, खारी हवा आणि टर्बो: गोव्यात परफॉर्मन्स एअर फिल्टर बसवताना

शिगम्याच्या दिवसांत एकदा मी गाडीचा इनटेक पाइप सोडवला, आत तर्जनी फिरवली आणि बाहेर काढली तर बोट लाल. गुलाल नव्हता तो. डिचोली ते उसगाव रस्त्यावरची धूळ होती, फिल्टरला चुकवून थेट टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, तोंडाशी पोहोचलेली. फिल्टर नवाकोरा आणि महागडा. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली त्याच सकाळी मी स्वतः मोठ्या हौसेने बसवलेला. एका कोपऱ्यात त्याची रबरी कड आत दुमडली होती, नख जाईल एवढीच फट राहिली होती. पाच महिने गाडी त्या फटीतून माती खात होती आणि मी मित्रांना सांगत होतो, ‘पिकअप बघ कसा आलाय.’

म्हणून हा लेख पहिल्यांदा बसवणाऱ्यांसाठी. गाडी पोलो जीटी असो, आय-ट्वेंटी एन लाइन असो, व्हर्टस जीटी असो की सेकंडहँड घेतलेली ऑक्टाव्हिया व्हीआरएस, कामाचा गाभा एकच. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पटत नसेल तर वेळ वाया जाणार नाही: गोव्यात रोज चालणाऱ्या गाडीला कंपनीच्याच बॉक्समध्ये बसणारा पॅनेल फिल्टर लावावा. उघडा शंकू, म्हणजे बॉक्स काढून त्याजागी लावतात तो शंकूच्या आकाराचा फिल्टर, लावू नये. काम तासाभराचं आहे, त्यातला अर्धा तास नुसता कड नीट बसली का हे बघण्यात जायला हवा.

आधी अपेक्षा जमिनीवर आणू

एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने त्याच्या साधारण १४.७ पट हवा लागते. पेट्रोलचं लिटर पाऊण किलोच्या आत-बाहेर, म्हणजे हवा जवळपास ११ किलो. आकारमानात मांडलं तर नऊ हजार लिटरच्या वर. पणजीहून मडगावला जाऊन येईपर्यंत गाडी काही लिटर पेट्रोल पिते. तेवढ्यात तिने एका मोठ्या खोलीत मावणार नाही इतकी हवा ओढलेली असते आणि ती सगळी हवा त्या वहीएवढ्या फिल्टरमधून गेलेली असते. फिल्टरने अडवलं कमी तर इंजिनाला श्वास सोपा, हा परफॉर्मन्स फिल्टरमागचा विचार. विचार खरा आहे. पण कंपनीचा चांगला, स्वच्छ कागदी फिल्टरही फारसा अडवत नाही. फरक पडतो तो वरच्या आरपीएमला, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर, तोही थोडाच. तुमचा जुना फिल्टर दोन वर्षांच्या धुळीने तांबडा झालेला असेल तर नवा कोणताही घातला तरी गाडी हलकी वाटेल. ते श्रेय नव्या ब्रँडचं कमी, जुन्या घाणीचं जास्त.

ताकदीचा खरा संबंध हवेच्या तापमानाशी आहे. बाहेर ३३ अंश आणि बोनेटखाली ६५ अंश धरलं, तर बोनेटखालची हवा साडेनऊ टक्क्यांच्या आसपास विरळ असते. टर्बो गाडीत इंजिनाचा कॉम्प्युटर प्रेशर वाढवून आणि इंटरकूलर हवा थंड करून यातलं बरंच भरून काढतात, पण टर्बोला त्यासाठी जास्त राबावं लागतं. उघड्या शंकूची गोम इथेच आहे. कंपनीचा बॉक्स जाळीमागून, बाहेरची हवा घेतो. तुम्ही तो काढून इंजिनाशेजारी शंकू टांगला की गाडी स्वतःचीच गरम वाफ ओढू लागते. वीकएंडला म्हापशाच्या बाजारात अडकलेल्या गाडीच्या ओबीडी रीडरवर (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली माहिती दाखवणारं छोटं यंत्र) इनटेक एअर टेम्परेचरचा, म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा, आकडा बघत बसा. थांबलं की तो चढतो, वाट मोकळी मिळाली की उतरतो. उघड्या शंकूला हा चढ जास्त सोसावा लागतो.

शंकूचा आवाज मात्र छान येतो, हे कबूल. टर्बोची शीळ, पाय उचलल्यावरचं ते ‘फुस्स’. चोर्ला घाटात काच खाली करून ऐकलं की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. ज्याला आवाजच हवा आहे त्याने आवाजासाठी लावावा, फक्त त्याला हॉर्सपॉवर म्हणू नये.

कोणता घ्यायचा

बाजारात मुख्यतः तीन जाती. तेल लावलेल्या कापसाच्या जाळीचा, म्हणजे के अँड एन, बीएमसी वगैरे. फोमचा, उदाहरणार्थ पायपरक्रॉस. आणि कोरडा सिंथेटिक, ज्याला तेल लागत नाही. पहिले दोन धुऊन पुन्हा वापरता येतात, कोरडेही बरेचसे येतात. कागदी फिल्टर काही शेकड्यांत मिळतो, हे काही हजारांत.

तेलवाल्या फिल्टरला एक अट आहे. तुमच्या गाडीत मास एअर फ्लो सेन्सर आहे का ते आधी बघा. फिल्टर बॉक्समधून निघणाऱ्या पाइपवर, बॉक्सच्या अगदी जवळ, वायरचं सॉकेट लागलेला अंगठ्याएवढा प्लास्टिकचा तुकडा दिसला तर बहुतेक तो तोच. त्याच्या आत केसासारखी तार किंवा पातळ पट्टी तापलेली असते आणि तिच्यावरून किती हवा गेली ते ती मोजते. फिल्टरला तेल जास्त झालं की त्याचे कण या तारेवर बसतात, त्यावर धूळ चिकटते आणि मोजमाप चुकतं. बऱ्याच छोट्या टर्बो गाड्यांत हा सेन्सर नसतोच, त्या मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजून हिशोब करतात. तिथे ही भीती कमी. सेन्सर असलेली गाडी असेल आणि तेल किती लावायचं याचा हात बसलेला नसेल, तर सरळ कोरडा घ्या.

आता धुळीबद्दल. आपल्याकडची धूळ म्हणजे जांभ्याचा भुगा, लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला. डिचोली, साखळी, सांगे भागात खनिजाचे ट्रक, बाकी सगळीकडे चिऱ्यांचे ट्रक आणि खणलेले रस्ते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले तेव्हा आमच्याकडच्या अंगणातल्या तुळशीसुद्धा हिरव्या दिसू लागल्या होत्या. मग महामार्गाची कामं वाढली आणि धूळ परत आली. ही धूळ अंगणात पडली तर झाडून काढता येते. टर्बोत गेली तर तिथलं छोटं चाक मिनिटाला दोन लाखांच्या घरात फिरत असतं. त्या वेगात रेतीचा कण पात्याच्या कडेवर आदळला की कड हळूहळू खाल्ली जाते. जे वाचतं ते सिलिंडरच्या भिंती घासतं. म्हणून फिल्टर निवडताना ‘हवा किती सोडतो’ याच्याइतकंच ‘धूळ किती धरतो’ हे विचारा. सगळ्यात मोकळा फिल्टर म्हणजे फिल्टरच नसणं, आणि ते फुकट आहे.

गाडीचं नेमकं मॉडेल, वर्ष आणि इंजिन सांगूनच पार्ट नंबर जुळवा. एकाच नावाच्या गाडीत इंजिन बदललं की बॉक्स बदलतो. पोलो जीटी टीएसआय आधी १.२ लिटरची होती, नंतर १.० लिटरची आली. ‘पोलोचा द्या’ एवढं सांगून मागवलेला फिल्टर घरी आल्यावर बॉक्सशी नातं सांगत नाही. नकली मालही भरपूर आहे. रबराची कड ओबडधोबड, पटीत विरळपणा, खोका फिका छापलेला, आणि किंमत निम्मी, असं दिसलं की परत करा.

कायदा आणि वॉरंटी, थोडक्यात

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करायचा नाही. परवानगीबाहेरच्या बदलाला कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मूळ बॉक्समध्ये बदललेला पॅनेल फिल्टर आरसीतलं काही बदलत नाही. उघडा किट, वेगळा पाइप, त्यावर इंजिनाचा रीमॅप (कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणं) अशी साखळी सुरू झाली की गोष्ट वेगळी होते. गाडी वॉरंटीत असेल तर जुना फिल्टर जपून ठेवा. विमा कंपनीला बदल कळवणं शहाणपणाचं, कारण भांडण नेहमी क्लेमच्या वेळी निघतं.

हत्यारं

यादी छोटी आहे. चांगला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर. युरोपियन गाडी असेल तर टॉर्क्स बिट, टी-२० पासून टी-३० पर्यंतचा संच ठेवा. छोटा रॅचेट आणि १० नंबरचा सॉकेट, कारण गाडीत काहीही उघडा, १० नंबर कुठून तरी येतोच आणि तोच हरवतो. टॉर्च, दोन-तीन धागे न सुटणारी फडकी, थोडं पांढरं ग्रीस किंवा फिल्टरबरोबर येणारं सीलिंग ग्रीस. एक वाटी स्क्रू ठेवायला.

जागा निवडताना वाऱ्याचा विचार करा. घरासमोरच्या लाल मातीच्या रस्त्यावर, शेजारून टिपर जात असताना इनटेक पाइप उघडा ठेवून बसू नका. कारपोर्ट बरा, नाहीतर अंगणात सकाळी दव असतानाच.

उघडणं

गाडी किमान अर्धा तास बंद ठेवा. इग्निशन पूर्ण बंद, चावी खिशात. की-लेस गाडी असेल तर चावी घरात ठेवून या. सेन्सरचं सॉकेट काढलेलं असताना इग्निशन चालू झालं तर कॉम्प्युटर एरर नोंदवतो. निव्वळ पॅनेल बदलायला बॅटरीची तार काढायची गरज सहसा नसते.

बोनेट उघडल्यावर पहिलं काम: मोबाइलवर फोटो. एक लांबून, दोन जवळून, प्रत्येक क्लिपचा आणि पाइपचा. ‘लक्षात राहील’ म्हणणाऱ्याच्या हातात शेवटी एक स्क्रू उरतो.

मग वाट ओळखा. जाळीच्या मागून एक चपटं तोंड हवा घेतं, ती बॉक्सच्या खालच्या अर्ध्यात जाते, फिल्टरमधून वर चढते आणि वरच्या झाकणातून जाड पाइपाने टर्बोकडे जाते. काही गाड्यांत उभं-आडवं उलट असतं, पण दोन बाजू असतातच: एक मळकी, एक स्वच्छ. कोणती कोणती ते आधी ठरवा. पुढचं सगळं काम या एका फरकावर चालतं.

सेन्सरचं सॉकेट असेल तर त्याची जीभ दाबून सॉकेट ओढा, तार धरून ओढू नका. समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या गाडीत या जिभा कडक झालेल्या असतात. दोन्ही हात लावा, घाई नको. झाकणावरून जाणाऱ्या व्हॅक्यूम नळ्या किंवा छोट्या क्लिपा असतील तर सोडवा. मग स्क्रू. काही गाड्यांत सगळे झाकणातच अडकून राहतात, बाहेर येत नाहीत. ‘निघत नाही’ म्हणून पक्कड लावू नका. सगळे सैल झालेत का तेवढं पाहा. जपानी-कोरियन गाड्यांत बऱ्याचदा स्क्रूऐवजी पोलादी क्लिपा असतात, त्या अंगठ्याने मोकळ्या होतात.

झाकण उचलताना पूर्ण काढायची गरज नसते. चार-पाच इंच वर आलं तरी फिल्टर सरकून निघतो. जोराने उचललं तर पाइपाच्या दुसऱ्या टोकाकडची क्लॅम्प, म्हणजे पाइप आवळून धरणारी पट्टी, सैल होते, आणि ती तुम्हाला दिसत नाही.

जुना फिल्टर सपाट, न हलवता, सरळ वर उचला. तिरपा केला तर साठलेली माती बॉक्सच्या आतच सांडते. माझ्या बॉक्समध्ये पहिल्यांदा काय निघालं सांगू? आंब्याची वाळलेली पानं, एक मेलेलं झुरळ आणि काजूच्या सात बिया. उंदराने मोसमात साठा करून ठेवला होता. जाळीच्या तोंडातून शिरून तो बॉक्सच्या खालच्या अर्ध्यात राहायला आला होता. तुमच्याकडे असं काही दिसलं तर फिल्टरच्या पटी कुरतडल्यात का ते पाहा आणि गाडी काजूच्या झाडाखाली लावणं सोडा.

साफसफाई, जी सगळे गाळतात

वरचं झाकण उचललेलं असताना त्याच्या आतली बाजू आणि टर्बोकडे जाणारा पाइप यांत बोट फिरवा. ही स्वच्छ बाजू. थोडा तेलकट ओलावा सापडला तर घाबरू नका, बऱ्याच इंजिनांत क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या तेलाच्या भागातली, वाफ त्याच वाटेने परत पाठवलेली असते. पण लाल किंवा करडी धूळ बोटाला लागली तर आधीचाच फिल्टर गळत होता. पाइपाच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, पूर्ण आत जाणार नाही असं मोठं, आणि काढायचं विसरणार नाही असं भडक रंगाचं. मी लाल वापरत नाही, का ते कळलंच असेल.

खालचा अर्धा भाग ओलसर फडक्याने पुसा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, धूळ उडून कुठे बसेल याचा भरवसा नाही. तळाशी बहुधा पाणी निचरायचं छोटं भोक असतं. ते पानांच्या चुऱ्याने बुजलेलं असेल तर मोकळं करा. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे त्या भोकाला महत्त्व आहे.

मग बॉक्सची कड. जिथे फिल्टरचं रबर बसतं ती खाच पूर्ण गोल फिरून पुसा. रेतीचा एक खडा राहिला तरी रबर तिथे उचललं जातं.

बसवणं

नवा फिल्टर हातात घेऊन कड सगळीकडून दाबून बघा, मऊ हवी. जुना आणि नवा एकमेकांवर ठेवा. लांबी, रुंदी आणि कडेची जाडी जुळायला हवी. जाडी कमी असेल तर झाकण बसेल, स्क्रू आवळतील, सगळं ठीक दिसेल आणि फट राहील. हाच तो सापळा.

रबराच्या कडेवर ग्रीसचा पातळ थर लावा, बोटाने पुसल्यासारखा. फिल्टर खाचेत ठेवा, चारही कोपरे अंगठ्याने दाबा. बाण किंवा ‘वरची बाजू’ अशी खूण असेल तर पाळा. झाकण टेकवा आणि न आवळता हाताने दाबून पुन्हा उघडा. झाकणाच्या कडेवर ग्रीसची रेघ उमटलेली असेल. ती रेघ टॉर्च लावून पूर्ण चौकट फिरून बघा. कुठे तुटली असेल तर तिथे कड बसलेली नाही. मी दसऱ्याला हे केलं असतं तर शिगम्याला बोट लाल झालं नसतं. ही युक्ती मला नंतर म्हापशाच्या माझ्या मेकॅनिकने शिकवली. पाइपातली धूळ बघून तो एवढंच म्हणाला होता, ‘आदीं कड पळय, मागीर ब्रँड.’ आधी कड बघ, मग ब्रँड.

रेघ अखंड आली की पाइपातलं फडकं काढा. काढलं का? परत एकदा बघा. मग झाकण लावा. स्क्रू सगळे हाताने दोन-दोन फेरे आत घ्या, त्यानंतर समोरासमोरच्या कोपऱ्यांना आलटून-पालटून आवळा. एका बाजूचे पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात तर झाकण तिरकं बसतं. प्लास्टिकमधले स्क्रू आहेत, ‘आला’ वाटलं की थांबा. मनगटाचा जोर पुरे, खांद्याचा नको.

सॉकेट ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. नळ्या फोटोप्रमाणे जागी. पाइपाच्या दुसऱ्या टोकाची क्लॅम्प हाताने हलवून बघा. क्लॅम्प बदलायची असेल तर स्टेनलेसची घ्या. मिरामार-दोनापावलच्या खाऱ्या वाऱ्यात साधी क्लॅम्प दोन पावसाळ्यांत गंजते आणि सोडवताना हातात तुटते.

उघडा शंकू लावणारच असाल तर

समजावून झालं, तरी हौस आहे, मलाही होती. मग निदान हीट शील्डसकट (इंजिनाची उष्णता अडवणारा पत्रा) बंद खोका असलेला किट घ्या, जो जाळीमागची हवा घेतो. सेन्सरच्या जागी पाइपाचा व्यास तंतोतंत मूळ पाइपाइतकाच असायला हवा, नाहीतर सेन्सर चुकीचं मोजतो. ब्रॅकेट नसलेला शंकू नुसत्या क्लॅम्पवर लोंबकळत ठेवू नका. आपल्या रस्त्यांवर तो महिन्याभरात पाइप फाडतो. आणि फिल्टर बंपरच्या आत, चाकापुढे खाली उतरवणारा किट गोव्यात घेऊच नका. कारण खाली पावसाच्या भागात येतं.

पहिली स्टार्ट, पहिली चक्कर

स्टार्ट करा आणि अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता दोन मिनिटं ऐका. आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, स्थिर हवं. बॉक्सजवळ शिट्टी किंवा ‘स्स्स’ ऐकू आलं तर कुठेतरी हवा चोरून आत जात आहे. बंद करा, क्लॅम्प आणि कड परत बघा. मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत सेन्सर आणि इंजिन यांच्या मध्ये फट राहिली तर न मोजलेली हवा इंजिनात जाते, हवा-इंधनाचं मिश्रण पातळ होतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. ओबीडी रीडरवर पी-०१७१, म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा कोड, दिसला तर नवा फिल्टर ‘सूट झाला नाही’ असं समजून इंधनाच्या पंपामागे लागू नका, आधी आपलंच काम तपासा.

पहिली चक्कर दहा-पंधरा किलोमीटरची, शांतपणे. मग कुठेतरी सावलीत थांबून बोनेट उघडा, हाताने क्लिपा चाचपा. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा स्क्रू बघा. आणि हजार किलोमीटरनंतर ती परीक्षा: झाकण उचला, स्वच्छ बाजूला पांढरं फडकं गुंडाळलेलं बोट फिरवा. फडकं पांढरं आलं तर तुम्ही बसवलाय. लाल आलं तर नुसता ठेवलाय.

धुणं आणि तेल

खोक्यावर धुण्याचे मोठमोठे आकडे छापलेले असतात. ते स्वच्छ महामार्गांसाठी. डिचोली-सत्तरी भागात गाडी रोज चालत असेल तर मी दर सहा महिन्यांनी उघडून बघतो, एकदा चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर आणि एकदा शिगम्यानंतर. पटींमधली जाळीची तार दिसेनाशी झाली की धुवायची वेळ आली. त्याच्या आधी उगाच धुऊ नये. प्रत्येक धुण्यात चुकायची एक संधी असते.

धुताना कंपनीचाच क्लीनर वापरा. पेट्रोल, डिझेल, कपड्यांची पावडर, काही नाही. दोन्ही बाजूंनी फवारा, दहा मिनिटं थांबा, वाळू देऊ नका. मग नळाच्या हलक्या धारेखाली, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे पाणी सोडा, म्हणजे धूळ आली तशी परत जाते. प्रेशर वॉशर नको.

वाळवणं ही गोव्यातली खरी परीक्षा. जूनमध्ये इथे टॉवेल तीन दिवस वाळत नाही, तिथे कापसाच्या चार थरांचं काय. हेअर ड्रायर, ओव्हन, कॉम्प्रेसर यांनी कापूस आकसतो किंवा फाटतो. खुर्चीवर उभा ठेवून पंख्याखाली पूर्ण रात्र द्या आणि तोवर जुना कागदी फिल्टर गाडीत घाला. ओल्या कापसावर तेल नीट पसरत नाही, पांढरे डाग राहतात, आणि पांढरा डाग म्हणजे तिथून धूळ पार.

तेल प्रत्येक पटीच्या माथ्यावर एक बारीक रेघ, बस. वीस मिनिटं थांबा, ते आपोआप पसरतं. फिकट राहिलेल्या ठिकाणी थेंब द्या. दुसऱ्या बाजूने टपकत असेल तर जास्त झालंय, फडक्यावर टेकवून टिपून घ्या. हात बसायला दोनदा धुवावं लागतं. सेन्सरवर तेल गेलंच तर त्याच्यासाठी मिळणारा खास स्प्रे वापरा, तारेला बोट किंवा कापूस लावू नका.

पाऊस

पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये वाटीभर पाणी गेलं आणि पिस्टन वर आला की काहीतरी वाकतं, बहुधा कनेक्टिंग रॉड. याला हायड्रोलॉक म्हणतात आणि याचं बिल फिल्टरच्या किमतीत मोजत नाहीत. मूळ बॉक्सचं तोंड उंच असतं, वळण घेतं, तळाला निचरा असतो. इंजिनिअरांनी ते उगाच केलेलं नाही. पणजीत मळ्यासारख्या सखल भागात किंवा खाजनाच्या (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतजमीन) कडेच्या रस्त्यावर पाणी साचलं असेल आणि खोली दिसत नसेल, तर गाडी फिरवा. पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्ट मारू नका, एकदाही नाही. ढकलून बाहेर काढा, फिल्टर उघडून ओला आहे का बघा, ओला असेल तर टोइंग बोलवा. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा येत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची वेगळी जोड घ्यावी लागते.

शेवटचं काम

सगळं झाल्यावर एका चिठ्ठीवर तारीख आणि किलोमीटर लिहा. खाली ठळक अक्षरांत: ‘हा फिल्टर धुण्याचा आहे. फेकू नका. हवेचा प्रेशर मारू नका.’ बॉक्सच्या झाकणावर पारदर्शक टेपने चिकटवा. नाहीतर सर्व्हिसिंगला गेलेल्या गाडीत एखादा नवखा पोरगा सवयीने नवा कागदी फिल्टर घालतो आणि तुमचा काही हजारांचा कापूस कचऱ्याच्या डब्यात जातो. माझा एकदा गेलाय. संध्याकाळी धावत जाऊन डब्यातून शोधून काढला, पण तोवर त्यावर कुणीतरी चहाचे कप रिकामे केले होते.